घरच्या गॅरेजात मोटार आणि दोन दोस्तांची वही

मोटार बांधायची तर प्रचंड कारखाना हवा, हजारो कामगार हवेत, करोडोंचे भांडवल हवे, असे आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये मात्र गेली सत्तर वर्षे साधी नोकरी-धंदा करणारी माणसे घराच्या गॅरेजात, सुटीच्या दिवशी, एखाद्या दोस्ताला सोबत घेऊन स्वतःची मोटार बांधत आली आहेत. आपल्या मिस्त्री, वेल्डर, टर्नर आणि स्पेअर पार्टच्या व्यापारी बांधवांनी या उद्योगातून घेण्यासारखे बरेच आहे, आणि जपण्यासारखेही.

माझा एक मावसभाऊ बर्मिंगहॅमला असतो. त्याचे वडील रत्नागिरीहून बोटीवर खलाशी म्हणून गेले आणि पुढे तिकडेच राहिले. भाऊ स्वतः लेथवर काम करणारा टर्नर. जून २००६ मध्ये मी त्याच्याकडे उतरलो तेव्हा दारात एक विचित्र गाडी उभी होती. छप्पर नाही, दरवाजे नाहीत, पुढची चाके बॉडीच्या बाहेर, उंची माझ्या कमरेपर्यंत. मी विचारले, “ही कुठल्या कंपनीची?”

भाऊ हसला. म्हणाला, “कंपनी आत चहा पितेय.” आत त्याचा शेजारी बसला होता. धंद्याने इलेक्ट्रिशियन, जातीचा इंग्रज. या दोघांनी मिळून ती गाडी अडीच वर्षांत बांधली होती.

गाडी मी पाहिली, तीत बसलोही. पण मला खरी मोलाची वाटली ती टेबलावर पडलेली त्यांची हिशेबाची वही. या लेखाचा अर्धा भाग त्या वहीचाच आहे.

कर वाचवण्यातून जन्मलेला धंदा

प्रथम हा धंदा उभा कसा राहिला ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर ‘पर्चेस टॅक्स’ नावाचा जबर कर होता. हा कर तयार मालावर होता. सुटे भाग विकत घेऊन माणसाने घरी गाडी जोडली, तर त्यावर तो लागत नसे. ही फट ज्यांनी ओळखली त्यांत कॉलिन चॅपमन हा लोटस कंपनीचा संस्थापक पुढे होता. १९५७ साली त्याने ‘लोटस सेव्हन’ ही हलकी, दोन माणसांची गाडी बाजारात आणली. कर धरून तयार गाडीची किंमत १,०३६ पौंड, आणि तीच गाडी सुट्या भागांत घेतली तर ५३६ पौंड. म्हणजे जवळपास निम्म्या पैशांत काम.

नियमात आणखी एक अट होती. सुट्या भागांबरोबर जोडणीच्या सूचना देता येत नसत. यावर लोटसने काढलेली तोड आजही तिकडे चवीने सांगितली जाते. कंपनीने गाडी ‘खोलण्याच्या’ सूचना छापून दिल्या. गिऱ्हाईकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या, की झाली जोडणी.

१ एप्रिल १९७३ पासून इंग्लंडमध्ये पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. ज्या धंद्याचा पाया केवळ कराच्या फटीवर असतो तो फट बुजताच बसतो, हा व्यापाराचा नेहमीचा अनुभव. त्या काळात अनेकांनी सुट्या भागांचा धंदा आटोपताही घेतला. लोटसनेही त्याच सुमारास सेव्हनचे हक्क केटरहॅम या आपल्या विक्रेत्या पेढीला देऊन टाकले. पण गंमत अशी की केटरहॅमने तीच गाडी पुढे चालू ठेवली आणि पन्नास वर्षांनंतरही ती विकली गेली, तयारही आणि सुट्या भागांतही. कर वाचवणारे गिऱ्हाईक निघून गेले, पण स्वतःच्या हाताने बांधण्याची हौस असलेले गिऱ्हाईक टिकले. स्वस्ताईने आलेला माणूस आणि हौसेने आलेला माणूस यांतला फरक आपल्या दुकानदारांनाही ठाऊक आहे.

सुटे भाग हाच माल

किट विकणाऱ्याचा धंदा समजून घेण्यासारखा आहे. तो इंजिन बनवत नाही, गिअरबॉक्स बनवत नाही. ते बनवणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. तो बनवतो चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, फायबरचे नाक आणि मडगार्ड, अॅल्युमिनियमचे पत्रे आणि काही जोड-भाग. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, स्टिअरिंग, ब्रेक हा सगळा माल गिऱ्हाईक एखाद्या जुन्या गाडीतून काढतो. अशा गाडीला तिकडे ‘डोनर’ म्हणतात, म्हणजे स्वतः भंगारात जाताना दुसरीला आपले अवयव देणारी.

बरेच विक्रेते किट टप्प्याटप्प्याने देतात. आधी चासी, मग पुढचे-मागचे सस्पेन्शन, मग बॉडी. गिऱ्हाईकाला एकदम पैसे काढावे लागत नाहीत आणि विक्रेत्यालाही माल साठवून ठेवावा लागत नाही. मुख्य म्हणजे मोटारीच्या किमतीत जो जोडणीच्या मजुरीचा भाग असतो, तो गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने आणि खुशीने भरतो.

या धंद्याला नक्कलेचा रोगही आहे. अमेरिकेत १९६४ साली ब्रूस मेयर्स या बोट बांधणाऱ्या कारागिराने फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर फायबरची बॉडी चढवून वाळूत पळणारी ‘मेयर्स मँक्स’ गाडी काढली. ती इतकी चालली की थोड्याच काळात असंख्य जणांनी तिचा साचा उतरवून आपापली गाडी विकायला काढली. मेयर्स कोर्टात गेला. पण त्याचे पेटंट तिथे टिकले नाही आणि पुढे त्याला आपल्या कंपनीतून बाहेर पडावे लागले. फायबरची वस्तू अशी आहे की एक नग हातात आला की त्यावरून साचा निघतो. आपल्याकडे फायबरचे दरवाजे, टाक्या आणि रिक्षाचे भाग बनवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

अडीचशे पौंडांचे पुस्तक

आता आमच्या दोन दोस्तांकडे येऊ. १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या गृहस्थांचे एक पुस्तक इंग्लंडमध्ये निघाले. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असे त्याचे नावच होते. लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी, पण चासीसुद्धा विकत न घेता घरी वेल्डिंग करून बनवायची, अशी त्याची पद्धत. पुस्तक भराभर खपले आणि अशा गाड्यांना ‘लोकॉस्ट’ हे नावच पडले.

२००३ च्या हिवाळ्यात भावाने हे पुस्तक वाचले आणि कुंपणावरून शेजाऱ्याला दाखवले. भावाकडे लेथचा हात होता आणि वेल्डिंग येत होते. शेजाऱ्याकडे रिकामे गॅरेज होते आणि वायरिंगची अक्कल होती. ज्याला जे येत नाही ते दुसऱ्याला येते, म्हणजे भागीदारीची पहिली अट पूर्ण झाली.

त्यांनी १९८८ सालची एक फोर्ड सिएरा ९० पौंडांना घेतली. वार्षिक तपासणीत ती नापास झाली होती, बॉडी खालून गंजली होती, पण दोन लिटरचे इंजिन ठणठणीत होते. फायबरचे नाक, मडगार्ड आणि सस्पेन्शनचे काही भाग किटवाल्याकडून आणले. चासी मात्र सिएराच्या भागांना जुळेल अशा नकाशावरून स्वतः करायचे ठरले. अर्धे किट, अर्धे हातचे.

पहिल्याच दिवशी शेजाऱ्याने एक जाड वही आणली. डाव्या पानावर कोणी किती पैसे घातले, उजव्या पानावर कोणी किती तास काम केले. भावाने चेष्टा केली, “दोस्तीत वही कशाला?” शेजारी म्हणाला, “दोस्ती टिकावी म्हणून.”

टेबल वाकडे तर गाडी वाकडी

या गाडीची चासी एक इंच चौरस पोकळ लोखंडी नळ्यांची असते. नळीची जाडी सोळा गेज. नळ्या कापायच्या, टोके कोनात घासायची, सपाट टेबलावर नकाशाप्रमाणे मांडायच्या आणि मिग वेल्डिंगने जोडायच्या. काम अवघड नाही. आपल्याकडे ग्रिल आणि शटर करणारा कोणताही मुलगा ते करील. पण ग्रिल चार मिलिमीटर वाकडे झाले तर भिंतीत बसवता येते, चासी वाकडी झाली तर गाडी रस्त्यावर एका बाजूला ओढते.

दोघांची पहिली चूक इथेच झाली. त्यांनी जुन्या दरवाजाची फळी टेबल म्हणून वापरली. ती मधोमध थोडी दबलेली होती. शिवाय भाऊ हौसेने एक एक सांधा पुरा वेल्ड करत गेला. लोखंड तापले की पसरते आणि थंड होताना आकसते. एका बाजूला पूर्ण वेल्ड मारली की नळी त्या बाजूला खेचली जाते. सांगाडा उभा राहिल्यावर त्यांनी दोन्ही कर्ण मोजले, तर एक कर्ण दुसऱ्यापेक्षा अकरा मिलिमीटर जास्त भरला.

भाऊ म्हणाला, चालेल, पुढे अॅडजस्ट करू. शेजारी म्हणाला, नाही. तीन शनिवारचे काम ग्राइंडरने कापून काढले. मग जाड आणि सपाट बोर्ड आणला, नळ्या त्यावर ठोकळ्यांनी घट्ट बांधल्या, सगळ्या सांध्यांना आधी फक्त टाके मारले, कर्ण मोजले, गुण्या लावला, पुन्हा मोजले, आणि मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने वेल्ड केल्या. या वेळी फरक एक मिलिमीटरच्या आत आला. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: “वाया गेले: ३८ तास, १४ पौंड. शिकलो: टेबल आधी.”

पुढची कामे एकामागून एक झाली. सिएराचे इंजिन उतरवून साफ केले. चासीची खालची बाजू अॅल्युमिनियमच्या पत्र्याने पॉप रिव्हेट मारून बंद केली. इंजिनापासून मागच्या एक्सलपर्यंत फिरणारा प्रॉपेलर शाफ्ट नव्या गाडीत लांब पडत होता, तो आखूड करणे भाग होते. भाऊ टर्नर, त्याचा हात शिवशिवत होता. पण तो शाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि बसणाऱ्याच्या मांडीजवळून जातो. थोडासुद्धा तोल चुकला तर गाडी थरथरते आणि तुटला तर माणूस जायबंदी होतो. म्हणून तो बॅलन्सिंग करून देणाऱ्या दुकानातच दिला. आपल्याला करता येते आणि आपण करावे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्याला कळते तोच खरा मिस्त्री.

भागीदारी अडली

२००५ च्या वसंतात गाडी चाकांवर उभी होती, इंजिन बसले होते, पण वायरिंग नव्हते, बॉडीचे पत्रे नव्हते, सीट नव्हत्या. वहीप्रमाणे खर्च झाला होता २,१०० पौंड, दोघांचे निम्मे निम्मे म्हणजे प्रत्येकी १,०५०. तेवढ्यात शेजारी ज्या ठिकाणी नोकरीला होता तिथे कामगारकपात झाली आणि त्यात त्याचे नाव आले.

घरात दोन मुले, घराचा हप्ता. तो भावाला म्हणाला, गाडी विकू, मला माझे पैसे हवेत. मागण्यात गैर काही नव्हते. दोघांनी गिऱ्हाईक पाहिले. एक जण आला, गाडी फिरून फिरून पाहिली आणि सगळे मिळून ९०० पौंड देऊ केले.

अर्धवट गाडीची बाजारातली किंमत तिच्यावर झालेल्या खर्चाच्या निम्म्याहूनही खाली येते, हा या छंदातला सर्वांत कडू हिशेब आहे. कारण घेणाऱ्याला दुसऱ्याच्या वेल्डिंगवर भरवसा नसतो आणि कोणता भाग हरवला आहे ते ठाऊक नसते. अर्धवट बांधलेले घर, अर्धवट राहिलेले यंत्र, कापून ठेवलेला पण न शिवलेला कपडा, सगळीकडे हाच न्याय आहे.

भावाजवळ १,०५० पौंड एकरकमी द्यायला नव्हते. विकले तर दोघेही सहाशे-सहाशे पौंडांना बुडत होते. महिनाभर दोघे एकमेकांशी नीट बोलले नाहीत. भाभी मला म्हणाली, “त्या दिवसांत मला वाटायचे, ती गाडी एखाद्या रात्री कोणी चोरून न्यावी.”

अखेर वहीने मार्ग काढला. दोघांनी पाने उलटली तेव्हा पैसा समान होता आणि तासही जवळपास समान होते. कोणी कोणाचे देणे लागत नव्हते. मग त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर चार कलमे लिहिली. एक: पुढचा सर्व खर्च भावाने करायचा, शेजाऱ्याने वायरिंगसह काम करायचे. दोन: मालकीचा हिस्सा फक्त घातलेल्या पैशांच्या प्रमाणात धरायचा, श्रमाची किंमत कोणीच मागायची नाही. तीन: गाडी पुरी होऊन तिची नोंदणी झाल्यावर कोणालाही वेगळे व्हायचे असेल तर तिसऱ्या जाणकार माणसाकडून किंमत ठरवून एकाने दुसऱ्याचा हिस्सा द्यायचा. चार: एकाचे काही बरेवाईट झाले तर त्याचा हिस्सा त्याच्या घरच्यांना द्यायचा. खाली दोघांच्या सह्या आणि साक्षीदार म्हणून दोघांच्या बायकांच्या.

वकील नाही, स्टँप पेपर नाही. पण आपल्याकडे किती दुकाने आणि किती वर्कशॉप केवळ असे एक पान वेळेवर न लिहिल्यामुळे बुडाली, ते वाचकांनी आपल्याच मोहल्ल्यात आठवून पाहावे. आम्ही भाऊ-भाऊ आहोत, लिहायचे कशाला, असे म्हणणाऱ्यांचेच तंटे जास्त वर्षे चालतात. नोकरी सुटणे ही शेजाऱ्याची चूक नव्हती आणि पैसे नसणे हा भावाचा दोष नव्हता. तरी दोस्ती तुटली असती. तंटा व्हायला नेहमी लबाडीच लागते असे नाही.

परीक्षा

घरी बांधलेली गाडी इंग्लंडमध्येही तशीच रस्त्यावर आणता येत नाही. १९९८ पासून अशा प्रत्येक गाडीला सरकारी केंद्रात एकेरी वाहन तपासणी द्यावी लागू लागली. ‘एसव्हीए’ असे तिचे नाव होते. २००९ पासून तिची जागा ‘आयव्हीए’ या अधिक कडक तपासणीने घेतली. तपासनीस गाडीचा एक एक भाग पाहतो: ब्रेकचा तोल, सीट बेल्टचे बांधकाम, आरशात मागचे किती दिसते, दिव्यांची उंची, धूर, आवाज. सायलेन्सरचा आवाज ९९ डेसिबलच्या वर गेला तरी गाडी परत.

मार्च २००६ मध्ये दोघे ट्रेलरवर गाडी घालून केंद्रावर गेले आणि नापास होऊन परतले. कारणे चार. हेडलाइटच्या ब्रॅकेटची कड धारदार होती. चालत्या माणसाला लागेल अशा बाहेरच्या प्रत्येक कडेला किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोलाई लागते, त्यासाठी तपासनीस शंभर मिलिमीटरचा गोळा लावून पाहतो आणि तो जिथे टेकेल तिथली धार मोजतो. दुसरे, मागच्या ब्रेकचा पाइप एका ठिकाणी क्लिपविना लोंबत होता. तिसरे, वळण घेऊन सोडल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नव्हते. चौथे, एका सीट बेल्टच्या बोल्टखाली मजबुतीची पट्टी नव्हती.

भावाने मला तो नापासाचा कागद दाखवला. त्यावर ना उपहास ना उपकार. काय चुकले, कोणत्या कलमाखाली, एवढेच लिहिलेले. भाऊ म्हणाला, “पहिल्यांदा राग आला. मग वाटले, या बाबाने फुकटात आमचा जीव वाचवला. तो लोंबता पाइप एखाद दिवशी घासून फुटला असता.” कडांना गोल पट्टी आणि नटांना टोप्या घातल्या, पाइप बांधला, पट्टी वेल्ड केली, पुढच्या चाकांचा कोन बदलला. मे महिन्यात गाडी पास झाली.

नोंदणीत आणखी एक धडा होता. डोनर गाडीचे कागद आणि भागांच्या पावत्या असतील तर नव्या गाडीला तिच्या वयानुसार नंबर मिळतो. काहीच सिद्ध करता आले नाही तर ‘क्यू’ अक्षराचा नंबर मिळतो, म्हणजे हिचे वय आणि मूळ ठाऊक नाही, अशी जाहीर खूण. पुढे विकताना ती खूण किंमत पाडते. धुराची मर्यादासुद्धा इंजिनाच्या वयावर ठरते, तेव्हा इंजिन कोणत्या सालचे हे दाखवावेच लागते. दोघांनी नव्वद पौंडांच्या भंगार सिएराचे कागद आणि प्रत्येक पावती वहीला टाचून ठेवली होती. ती कामी आली.

हिशेब काय सांगतो

गाडी रस्त्यावर येईपर्यंत एकूण खर्च २,८४० पौंड झाला. पुस्तकाच्या नावावर होते २५०. पुस्तक खोटे म्हणता येणार नाही. ज्याच्याजवळ हत्यारे आधीच आहेत, डोनर गाडी जवळपास फुकट आहे आणि जो प्रत्येक जास्तीचा भाग विकून पैसे उभे करतो, त्याचा तो हिशेब. वेल्डिंग मशीन, टायर, नवे ब्रेकचे भाग, तपासणीची फी आणि विमा धरला की आकडा कुठल्या कुठे जातो. धंद्याचा अंदाज करताना हत्यारे आणि सरकारी फी विसरणे ही आपलीही जुनी सवय आहे.

२००८ मध्ये शेजाऱ्याला दुसऱ्या शहरात काम मिळाले आणि तो गेला. तिसऱ्या कलमाप्रमाणे गाडीची किंमत काढली, ती ३,२०० पौंड ठरली. शेजाऱ्याचा हिस्सा २,८४० पैकी १,०५०, म्हणजे १,१८३ पौंड. भावाने ते दोन हप्त्यांत दिले. दोघांत आजही ईद-नाताळला फोन असतो.

आता तासांकडे पाहा. भावाचे ६१० तास आणि शेजाऱ्याचे ५४०, एकूण १,१५०. खर्चाच्या वर मिळाले ३६० पौंड. म्हणजे तासाला एकतीस पेन्स. कोणत्याही मजुराने एवढ्यावर काम केले नसते. ही गाडी कमाईसाठी बांधली नव्हती हे खरे, पण कोणी ‘गाड्या बांधून विकू’ म्हणत असेल तर त्याने हा आकडा आधी पाहावा. म्हणूनच या क्षेत्रात जे टिकले ते बहुधा गाडी बांधणारे नव्हेत, गाडी बांधणाऱ्यांना भाग विकणारे आहेत.

आपल्याकडे काय?

हे वाचून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा एखादा मिस्त्री म्हणेल, यात काय मोठे, मी दोन महिन्यांत करतो. त्याच्या हाताबद्दल मला शंका नाही. ट्रकची नुसती चासी आणून तिच्यावर केबिन आणि बॉडी चढवण्याचे काम आपले कारागीर पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत, आणि तेही एक प्रकारचे किटच.

पण कायदा वेगळा आहे. आपल्याकडे मोटारीचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची एआरएआय ही त्यांतली एक. ही व्यवस्था कारखानदारासाठी आहे, एकच गाडी बांधणाऱ्या हौशी माणसाला परवडणारी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी झालेल्या गाडीतही कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या एका लोहार कारागिराची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. त्याने भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप मुलाच्या हौसेसाठी बांधली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले, ती नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात बोलेरो त्याच्या दारात आली. कारागिराची कदर झाली, आनंद आहे. पण अशी बोलेरो प्रत्येकाच्या दारात येत नाही. ज्या दिवशी अशा गाडीखाली कोणी येईल त्या दिवशी विमा नसतो, आणि भरपाई बांधणाऱ्याच्या घरावर येते. म्हणून तरुण मिस्त्रींना कळकळीची सूचना: हौसेने बांधा, आपल्या आवारात चालवा, पण रस्त्यावर आणू नका आणि विकू तर मुळीच नका.

मग आपल्यासाठी या गोष्टीत काय आहे? कायद्याच्या चौकटीत बसणारे किटचे काम आपल्याकडेही आहे. सीएनजी किट हे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. मान्यता असलेले किट, ते अधिकृत केंद्रात बसवणे आणि आरसी बुकात नोंद, या तीन गोष्टी असल्या की तेच काम इज्जतीचे आणि कमाईचे होते. नसल्या तर तोच मिस्त्री, तोच पाना, तेच किट, आणि गिऱ्हाईकाच्या डोक्यावर टांगती तलवार. बस-बॉडी बांधणाऱ्यांनाही ‘बस बॉडी कोड’ आल्यापासून हा अनुभव आहे. ज्यांनी नकाशे, पावत्या आणि तपासणीचे कागद सांभाळायची सवय लावून घेतली ते पुढे गेले. नुसत्या हाताच्या कसबावर विसंबले ते दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजंदारीवर लागले.

कसब आपल्याकडे कमी नाही. कमी आहे ती वही. बर्मिंगहॅमच्या त्या गॅरेजात मी पाहिलेली वेल्डिंग आपल्या कारागिराच्या हातापेक्षा काही वरचढ नव्हती. पण त्या वहीत वाया गेलेले अडतीस तास लिहिलेले होते, चौदा पौंड लिहिलेले होते, आणि दोस्ताचे बरेवाईट झाले तर काय, हेही लिहिलेले होते. येत्या महिन्यात जे दोन दोस्त मिळून गॅरेज, वर्कशॉप किंवा दुकान काढणार असतील त्यांनी पहिले हत्यार म्हणून पाना घेण्याआधी एक जाड वही घ्यावी, आणि तिच्या शेवटच्या पानावर, अजून सारे गोड आहे तेव्हाच, चार कलमे लिहून सह्या कराव्यात.